कार्बोरेटरचं मिक्श्चर सेट करायचंय? स्क्रूला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर

गाडी उभी केली की बंद पडते, इंजिन गरम झालं तरी चोकशिवाय नीट चालत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फाट फाट आवाज येतात, नाहीतर ॲव्हरेज एकदम पडलंय. यातलं काहीही झालं की कोणीतरी सांगतंच, कार्बोरेटरचा स्क्रू जरा फिरवून बघ. आणि तो स्क्रू फिरवणं खरंच सोपं आहे, एक बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो बस, म्हणून तर सगळे आधी त्यालाच हात घालतात. पण माझं ठाम मत आहे की मिक्श्चरचा स्क्रू ही सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट आहे. दोष दुसरीकडे असताना स्क्रू फिरवला तर गाडी थोडे दिवस बरी वाटते, खरा दोष झाकला जातो, आणि मग तो शोधायला दुप्पट वेळ जातो कारण आता दोन गोष्टी बिघडलेल्या असतात, मूळचा दोष आणि वर हललेलं सेटिंग.

त्यामुळे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने देतोय, क्रम शक्यतो मोडू नका. सगळं एक सिलिंडर, एक कार्बोरेटर असलेल्या फोर स्ट्रोक दुचाकीला धरून आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला यातलं काही लागू नाही, तिथे पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, ठरवतो.

रिच, लीन म्हणजे नेमकं काय

पेट्रोल हवेत मिसळून जळतं. वजनाने बघितलं तर १ भाग पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा त्यापेक्षा कमी पडली, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की मिक्श्चर रिच. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की लीन. आता इंजिनला कायम बरोबर १४.७ च लागतं असंही नाही, पूर्ण जोर लावताना साडेबारा-तेराच्या आसपास म्हणजे थोडं रिच लागतं, आणि थंड इंजिन चालू करताना तर बरंच रिच लागतं कारण थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, चोक त्यासाठीच असतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आकडा थोडा खाली येतो, १० टक्के इथेनॉल असेल तर १४.१ च्या जवळपास, म्हणजे जुनी गाडी साध्या पेट्रोलवर सेट केलेली असेल तर अशा पेट्रोलवर ती किंचित लीन चालते.

कार्बोरेटरला यातलं काही मोजता येत नाही. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, आणि खालच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर ओढलं जातं. एवढंच. भोक किती मोठं, वाटीत पेट्रोलची पातळी किती, हवा किती दाट, यावर सगळा हिशोब चालतो. म्हणून भोकात कचरा अडकला, पातळी वरखाली झाली किंवा कुठून तरी फुकटची हवा आत यायला लागली की मिक्श्चर बिघडलंच समजा, स्क्रू जागचा हललेला नसला तरी.

स्क्रूचं राज्य कुठपर्यंत चालतं

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की निम्मा गोंधळ संपतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल यायचे वेगवेगळे रस्ते आहेत आणि ॲक्सिलरेटर किती उघडलाय त्यावर कुठला रस्ता चालणार ते ठरतं. आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, आणि ॲक्सिलरेटर साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट, ज्याला बरेच जण स्लो जेट म्हणतात, तो आणि मिक्श्चर स्क्रू. पाव ते पाऊणपर्यंत निडल, म्हणजे पेट्रोलच्या भोकात वरखाली होणारी निमुळती सुई. पाऊणच्या पुढे पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट. हे रस्ते एकमेकांत थोडे मिसळतात, एकदम बंद-चालू होत नाहीत, पण ढोबळमानाने हिशोब असाच.

म्हणजे गाडी हायवेला पूर्ण पिळल्यावर दम टाकत असेल तर मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक पडणार नाही. आणि गाडी उभी असताना बंद पडत असेल तर मेन जेट बदलून काही उपयोग नाही. त्यामुळे आधी आपली तक्रार नेमकी ॲक्सिलरेटरच्या कुठल्या टप्प्यात येते ते बघा. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा, मग गाडी चालवताना एका नजरेत कळतं की झटका कुठल्या खुणेवर आला. स्पीड किती होता, गिअर कुठला होता याला इथे फार अर्थ नाही, मूठ किती उघडली होती ते महत्त्वाचं.

लक्षणं कशी वाचायची

लीन असेल तर गाडी गरम झाल्यावरही चोक थोडा ओढला की बरी चालते, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं, स्थिर मुठीवर गाडी पुढे-मागे ओढल्यासारखी होते, ॲक्सिलरेटर सोडला की फाट फाट होतं, आणि सगळ्यात ओळखू येण्यासारखं म्हणजे रेस करून मूठ सोडल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) लगेच खाली येत नाही, वरच टांगून राहतो आणि मग सावकाश उतरतो. रिच असेल तर सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास, काळा धूर, स्पार्क प्लगवर कोरडी काजळी, इंजिन थंड असताना बरं चालतं पण गरम झालं की जड होतं, ॲव्हरेज कमी, आणि मूठ सोडल्यावर आरपीएम आयडलिंगच्याही खाली जातो आणि मग वर येतो, कधी कधी तिथेच बंद पडतो.

निळसर धूर असेल तर ते पेट्रोल नाही, ऑइल जळतंय, त्याचा कार्बोरेटरशी संबंध नाही. आणि फाट फाट आवाजावरून लगेच लीन असा निकाल देऊ नका, सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडतो तिथला गॅस्केट फुटला असेल तर बाहेरची हवा आत जाऊन अगदी तसाच आवाज येतो. त्या जोडावर काळी काजळी दिसतेय का बघा, दिसली तर आधी तो गॅस्केट बदला.

दोन्हीपैकी कुठलं हे ठरवायला चोक हा फुकटचा तपासनीस आहे. इंजिन पूर्ण गरम, गाडी आयडलिंगला, चोक अगदी थोडा ओढा. गाडी सुधारली तर लीन होती. लगेच गुदमरायला लागली तर निदान लीन तरी नव्हती.

स्क्रूच्या आधी हे सगळं बघून घ्या

एअर फिल्टर आधी. धुळीने भरलेला फिल्टर हवा अडवतो आणि गाडी रिच करतो, अशा गाडीचा स्क्रू लीनकडे फिरवून ठेवला आणि नंतर फिल्टर बदलला की गाडी एकदम लीन. म्हणून फिल्टर साफ करून, नीट बसवून, झाकण लावूनच सेटिंग करायचं. झाकण उघडं ठेवून केलेलं सेटिंग झाकण लावल्यावर चुकतंच.

मग प्लग. काढून बघा, गॅप मॅन्युअलप्रमाणे करा, टोक झिजून गोल झालं असेल तर नवीन टाका. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) किती महिने बघितले नाहीत तेही आठवा, कारण टॅपेट जास्त टाइट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंग कशानेही स्थिर होत नाही. ॲक्सिलरेटरच्या केबलला मुठीजवळ थोडा ढिलेपणा हवा, २ ते ४ मिलिमीटर मूठ मोकळी फिरली पाहिजे. गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे पूर्ण वळवा, आरपीएम बदलला तर केबल ताणली जातेय, आधी ती सरळ करा.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे जो रबरी किंवा धातूचा जोड असतो तो फार महत्त्वाचा. रबर जुनं झालं की त्याला बारीक चिरा पडतात, बोटाने दाबून वाकवल्याशिवाय दिसत नाहीत, आणि तिथून आत गेलेली हवा कार्बोरेटरच्या हिशोबात नसते, त्यामुळे गाडी लीन होते. तपासायला साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो. गाडी आयडलिंगला ठेवा, जोडाच्या भोवती थोडं थोडं पाणी फवारा, प्लगच्या टोपीवर उडवू नका. आवाज क्षणभर बदलला की चीर तिथेच आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारतात, गरम इंजिनवर ते करू नका, पाण्याने काम होतं.

आणि पेट्रोल. फ्लोटच्या वाटीच्या तळाला एक ड्रेन स्क्रू असतो, इंजिन थंड असताना तो सैल करून वाटीतलं पेट्रोल एखाद्या पारदर्शक काचेच्या भांड्यात काढा आणि भांडं उजेडात धरून हळूच हलवा. पाणी असेल तर तळाला गोल थेंब दिसतात, भांडं तिरकं केलं की मण्यांसारखे घरंगळतात पण पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. तपकिरी बारीक कण दिसले तर तो टाकीतला गंज. पेट्रोलला आंबूस, रंगासारखा वास येत असेल तर ते जुनं झालंय, गाडी कित्येक महिने उभी असेल तर हेच होतं आणि मागे जेटमध्ये चिकट थर बसतो. अशा वेळी स्क्रू सोडा, कार्बोरेटर उघडून साफ करणं हाच उपाय.

साफ करताना पायलट जेट डोळ्यासमोर उजेडाकडे धरून बघा. त्याचं भोक केसाएवढं असतं. आरपार बघितल्यावर उजेडाचा पूर्ण गोल ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोरीसारखा किंवा अंधुक दिसला तर आत थर आहे, जरी फुंकर मारल्यावर हवा जात असली तरी. स्टीलची तार घालू नका, जेट पितळेचा असतो आणि तारेने भोक मोठं होतं, मग कायमचा रिच. कार्बोरेटर क्लीनर, थोडा वेळ भिजवणं, मग दाबाची हवा, आणि फारच चिकट असेल तर नायलॉनचा बारीक धागा. क्लीनर मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ तोंडावर येतो. रबरी ओ-रिंग आणि डायफ्राम क्लीनरमध्ये भिजवू नका, फुगतात.

हे सगळं करून बऱ्याच गाड्या तिथेच नीट चालायला लागतात आणि स्क्रूला हात लावायची वेळच येत नाही.

कुठला स्क्रू आणि कुठल्या दिशेने

कार्बोरेटरवर बाहेरून फिरवता येतील असे सहसा दोन स्क्रू असतात. एक मोठा, कधी प्लास्टिकच्या गोल मुठीचा, तो आयडलिंगचा. तो फक्त थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा) किती उघडा राहावा ते ठरवतो, मिक्श्चर बदलत नाही. दुसरा लहान, पितळेचा, बहुतेक वेळा खाचेत बसलेला, तो मिक्श्चरचा.

आता महत्त्वाचं. हा मिक्श्चर स्क्रू दोन प्रकारचा असतो आणि दोघांची दिशा उलटी आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो एअर स्क्रू, तो हवा सोडतो, बाहेर काढला की हवा जास्त म्हणजे लीन, आत घेतला की रिच. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो फ्युएल स्क्रू, तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की रिच, आत घेतला की लीन. जुन्या साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये, मिकुनी कंपनीच्या व्हीएम प्रकारासारख्या, एअर स्क्रू असतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये सहसा फ्युएल स्क्रू असतो, तोही खालच्या बाजूने, वाटीच्या पुढे. तरी नावावरून ठरवू नका, जागा बघून ठरवा आणि मॅन्युअल असेल तर त्यात खात्री करा. काही कार्बोरेटरमध्ये या स्क्रूवर कारखान्यातूनच धातूची टोपी ठोकलेली असते, कारण धुराचे नियम पाळायला ते सेटिंग लॉक केलेलं असतं. अशी टोपी असेल तर आधी बाकीचे सगळे दोष दोनदा तपासा, कारण सेटिंग आपोआप हलण्याची शक्यता फार कमी असते.

जपानी कार्बोरेटरच्या फुलीच्या स्क्रूंबद्दल एक सांगतो. ते साधे फिलिप्स वाटतात पण बरेचदा जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात, साध्या फिलिप्सने जोर लावला की टोक घसरतं आणि डोकं गोल होतं. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर मिळाला तर घ्याच, नाहीतर निदान नेमक्या मापाचा, कडा धारदार असलेला वापरा आणि आधी आत दाबून मगच फिरवा.

आता प्रत्यक्ष सेटिंग

जागा उघडी हवी, बंद खोलीत किंवा शटर खाली ओढून गाडी चालू ठेवायची नाही, सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. जवळ विडी-सिगारेट नको, आग विझवायचं काहीतरी हाताशी ठेवा. सायलेन्सरचा पाइप कार्बोरेटरच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे हातात लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर असेल तर बरं, मनगट भाजत नाही. एअर कूल्ड गाडी उभ्या जागी फार वेळ चालू ठेवली की जास्त तापते आणि तापली की सेटिंगचा आवाज बदलतो, म्हणून समोर पंखा लावा किंवा मधे मधे थांबा.

सगळ्यात आधी, गाडी बंद असताना, स्क्रू आत फिरवत तो किती आटे आत जातो ते मोजा. एक आटा म्हणजे पूर्ण एक फेरी. स्क्रूच्या खाचेच्या एका टोकाला मार्करचा ठिपका दिला की मोजायला सोपं. फिरवताना दोन बोटांनी धरा, मुठीने नाही, आणि जिथे टेकल्यासारखं वाटेल तिथे थांबा. स्क्रूचं टोक सुईसारखं असतं, जोर लावला तर ते तुटून भोकात अडकतं किंवा भोकाची कड दबते, आणि मग तो कार्बोरेटर कधीच नीट सेट होत नाही. मिळालेला आकडा लगेच लिहून ठेवा, उदाहरणार्थ पावणेदोन. काहीही बिघडलं तर परत येण्याची जागा हीच आहे. स्क्रू पूर्ण बाहेर काढायची वेळ आली तर त्याच्यामागे स्प्रिंग, छोटा वॉशर आणि ओ-रिंग असते, खाली पांढरं फडकं अंथरूनच काढा. ओ-रिंग आतच चिकटून राहते बरेचदा, आणि ती चपटी झाली असेल तर तिथूनही हवा जाते, तेव्हा सेटिंग कधीच टिकत नाही.

मग मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे आटे बाहेर घ्या. आकडा माहीत नसेल तर दीड ते दोन आट्यांनी सुरुवात करा, बहुतेक गाड्या तिथे निदान चालू राहतात. आता गाडी चालू करून एक चक्कर मारून या, दहा मिनिटं तरी. नुसती उभी ठेवून गरम करण्यापेक्षा चालवून गरम केलेली बरी, इंजिन सगळीकडून सारखं तापतं. थंड इंजिनवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर रिच निघतं, म्हणून यात घाई नको. परत आल्यावर चोक ओढलेला राहिला नाही ना बघा.

आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वर घ्या. मॅन्युअलमध्ये १३०० सांगितलं असेल तर पंधराशेच्या आसपास, म्हणजे स्क्रू फिरवताना गाडी बंद पडणार नाही. टॅकोमीटर नसेल तर कान पुरतो, आधी दोन मिनिटं नुसतं ऐकत बसा, त्या ठेक्याची कानाला सवय होऊ द्या.

आता स्क्रू पाव आटा आत. थांबा. दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका, इंजिनला बदल पचायला तेवढा वेळ लागतो. घाईने सलग फिरवत गेलं तर आवाज मागून येतो आणि स्क्रू पुढे गेलेला असतो, मग नेमकी जागा कधीच सापडत नाही. परत पाव आटा आत, परत थांबा. असं करत एक जागा येईल जिथे आरपीएम पडायला लागेल, ठेका अडखळेल. फ्युएल स्क्रू असेल तर इथे लीन झालं, एअर स्क्रू असेल तर रिच. ही जागा लक्षात ठेवा. आता उलट दिशेने, पाव पाव आटा बाहेर, प्रत्येक वेळी थांबत. आरपीएम आधी वाढेल, ठेका एकसारखा आणि हलका होईल, थोडा वेळ तसाच राहील, आणि मग परत पडायला लागेल. ही दुसरी जागा. या दोघांच्या मधे जिथे आरपीएम सगळ्यात वर होता ती आपली जागा. त्या पट्ट्यात पाव आट्याऐवजी त्याच्याही निम्मं, म्हणजे अर्धपाव आटा फिरवत बारीक शोध घ्या.

सापडली की आयडलिंगचा स्क्रू ढिला करून आरपीएम मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. थ्रॉटल थोडा बंद झाला म्हणजे परिस्थिती बदलली, म्हणून मिक्श्चर स्क्रू परत एकदा दोन्हीकडे थोडा हलवून बघा. दुसऱ्या फेरीत फरक अगदी कमी निघतो पण तो फरकच गाडी मऊ चालवतो. शेवटी मी सर्वात वरच्या जागेवरून अर्धपाव आटा रिचकडे ठेवायच्या मताचा आहे. किंचित रिच चाललं तर पेट्रोल थोडं जास्त जातं, किंचित लीन चाललं तर इंजिन तापतं, आणि तापलेल्या इंजिनचा खर्च मोठा.

आता मूठ एकदम थोडी पिळून सोडा. गाडीने लगेच रेस घेतली पाहिजे आणि सोडल्यावर सरळ आयडलिंगवर येऊन थांबलं पाहिजे. पिळल्यावर आधी गप्प होऊन मग उचलत असेल किंवा मरत असेल तर बहुतेक लीन. जड, गुरगुरल्यासारखं उचलत असेल तर रिच. आरपीएम वर टांगून राहिला तर लीन, खाली बुडी मारून वर आला तर रिच. अर्धपाव आट्याने दुरुस्त करा आणि रस्त्यावर घेऊन जा, कारण उभ्या गाडीला लोड नसतो आणि खरी परीक्षा चालवतानाच होते. कमी वेगात, दुसऱ्या गिअरमध्ये, मूठ जेमतेम उघडी ठेवून चालवा. झटके नसतील तर काम झालं.

झालेले आटे आणि तारीख लिहून ठेवा.

स्क्रू कुठेही नेला तरी जमत नाही तेव्हा

फ्युएल स्क्रूची सगळ्यात चांगली जागा साधारण पाऊण ते तीन आट्यांच्या आत यायला हवी. स्क्रू जवळजवळ पूर्ण आत घेतल्यावरच गाडी बरी चालत असेल तर पायलट जेट मोठा आहे किंवा कुठून तरी जास्तीचं पेट्रोल येतंय. तीनच्या पुढे काढल्यावरच बरी चालत असेल तर पायलट जेट लहान आहे किंवा, आणि हेच जास्त वेळा असतं, तो चोंदलाय. एअर स्क्रूला नेमकं उलटं, जवळजवळ आत घेतल्यावर बरी म्हणजे जेट लहान किंवा चोंदलेला, अडीच-तीनच्या पुढे बरी म्हणजे जेट मोठा. जेट बदलायचा तर एका वेळी एकच नंबर वर किंवा खाली.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही, कुठल्याच दिशेला? मग पायलटचा रस्ताच बंद आहे किंवा आयडलिंगचा स्क्रू इतका आत आहे की थ्रॉटल पायलटच्या हद्दीबाहेर उघडा राहिलाय. आणि गाडी सगळ्याच टप्प्यांत रिच असेल, वाटीच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोटची पातळी किंवा फ्लोटची सुई बघा. सुईच्या टोकाला घासून गोल रेघ उमटलेली दिसली की ती बदलायची, घासून गुळगुळीत करत बसायचं नाही.

पाव ते पाऊण मुठीत तक्रार असेल तर निडल. निडलच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि त्यातल्या एकीत क्लिप बसते. क्लिप खालच्या खाचेत टाकली की निडल वर उचलली जाते, पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. क्लिप वरच्या खाचेत, निडल खाली, लीन. एका वेळी एकच खाच. काही गाड्यांत खाच एकच असते, तिथे हा मार्ग बंद. मेन जेटला हात फक्त पूर्ण मुठीला तक्रार असेल तरच, किंवा फिल्टर, सायलेन्सर बदललाय म्हणून. मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त येते आणि गाडी वरच्या टप्प्यात लीन होते, ते मिक्श्चर स्क्रूने भरून निघत नाही.

प्लगचा रंग

प्लगचं पांढरं पोर्सिलेन फिकट तपकिरी दिसलं तर ठीक, काळी काजळी म्हणजे रिच, अगदी पांढरं फटक किंवा फोड आल्यासारखं म्हणजे लीन आणि तापतंय. पण प्लगवर शेवटच्या काही मिनिटांचाच रंग जास्त दिसतो. घरी येताना सावकाश आलात, दारात गाडी चालू ठेवून गप्पा मारल्या आणि मग प्लग काढला तर दिसतो तो आयडलिंगचा रंग. अर्ध्या मुठीचं मिक्श्चर बघायचं असेल तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर अर्ध्या मुठीवर थोडं चालवून क्लच दाबायचा, त्याच क्षणी किल स्विचने इंजिन बंद करायचं आणि बाजूला थांबून, थंड झाल्यावर तिथेच प्लग काढायचा. शिसं नसलेल्या पेट्रोलवर रंग फिका येतो आणि नवीन प्लगवर उमटायला वेळही लागतो, त्यामुळे एकट्या प्लगवर निकाल देऊ नका, मूठ सोडल्यावर आरपीएम कसा उतरतो त्याच्याशी जुळवून बघा.

उंची आणि हवामान

डोंगरात उंचावर गेलं की हवा विरळ होते, कार्बोरेटर पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच सोडतो, म्हणून गाडी रिच होते, जोर कमी लागतो, काळा धूर येतो. थंडीत हवा दाट असते म्हणून गाडी थोडी लीन होते, उन्हाळ्यात थोडी रिच. ऋतूचा फरक पाव आट्याच्या आत सांभाळला जातो, बहुतेकांना तेवढंही लागत नाही. दोन-तीन दिवसांसाठी घाटमाथ्यावर जाणार असाल तर काहीच करू नका, थोडं रिच चाललेलं परवडतं. पण उंचावर मुक्काम लांबणार असेल आणि तिथे लीन करून घेतलं, तर खाली उतरण्याआधी तो स्क्रू लिहून ठेवलेल्या जुन्या आकड्यावर आणायचाच, आणि निडल किंवा जेट बदलला असेल तर तोही, कारण उंचावरचं सेटिंग खाली आल्यावर लीन पडतं आणि उतारावरून आल्यावर लगेच सपाटीला मूठ पिळली की इंजिन सगळ्यात जास्त तिथेच तापतं.